पाठमोरी मुलगी

३ फेब्रुवारी

धाकट्या,

फोन नको, पत्र लिही, असं मी म्हटल्यावर तू हसलास. पण फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं मी अंदाजाने भरते. कागदावरचं निदान दोनदा वाचता येतं. तर वाच.

तुझ्या सांगण्यावरून तुझ्या संस्थेच्या मुलांच्या केंद्रात जायला लागून आज सहा शनिवार झाले. सायकलचं दुकान विकल्यावर घरात भिंतींशी बोलत बसण्यापेक्षा हे बरं, हे तुझं म्हणणं खोटं नव्हतं. पण तिथे मला काय म्हणतात माहीत आहे? 'प्रौढ मार्गदर्शक'. तसं छापलेलं कार्ड गळ्यात अडकवलं. मी केंद्रप्रमुखाला म्हटलं, बाबा रे, हे चेनमध्ये जाईल. तो म्हणाला, नियम आहे. पहिल्याच दिवशी गेलं.

हा केंद्रप्रमुख म्हणजे तिशीचा एक गुळगुळीत माणूस. सदा हसतो, कुणालाच नाही म्हणत नाही, आणि काखेत कायम फॉर्मांची चळत. मला असली माणसं कळत नाहीत.

वर्ग तळघरात भरतो. खिडक्या रस्त्याला टेकलेल्या, त्यामुळे बाहेरच्या माणसांचे फक्त पाय दिसतात. बारा मुलंमुली आहेत, तेरा ते सतरा वयाची. लोकांनी टाकून दिलेल्या सायकली येतात, त्या मुलांनी दुरुस्त करायच्या, तीन केल्या की चौथी स्वतःची. ही पद्धत ज्याने काढली त्याला डोकं होतं. पण वर्ग संपला की प्रत्येकाने फॉर्म भरायचा: 'आज माझा आत्मविश्वास वाढला. अजिबात नाही, थोडा, बराच, खूप.' एक पोरगा वर्ग सुरू व्हायच्या आधीच 'खूप'वर खूण करून मोकळा. मी हटकलं तर मलाच समजावतो, "मावशी, 'खूप' लिहिलं की लवकर सोडतात. 'थोडा' लिहिलं की का ते विचारत बसतात."

मागच्या शनिवारी एक गृहस्थ आले. मोठे कुणीतरी असावेत. पाऊण तास स्वप्नांवर बोलले, मुलांना कवेत घेऊन फोटो काढले आणि गेले. मुलांनी ढुंकून पाहिलं नाही. मला नंतर कळलं, ती पहिल्या शनिवारी कुणाकडेच बघत नाहीत. माणूस दुसऱ्या शनिवारी आला तर मग बघतात. माझ्याशी ती चौथ्या शनिवारी बोलायला लागली. इतक्या लहान वयात इतकी खात्री करून घ्यायची सवय लागते, म्हणजे आधी किती जण एकदाच येऊन गेले असतील, याचा हिशेब तुम्ही मुख्य कचेरीत चौथ्या मजल्यावर बसणाऱ्यांनी करा.

एक मुलगी आहे, पंधरा वर्षांची. सगळ्यांच्या आधी येते, सगळ्यांच्या नंतर जाते. तीन शनिवार तोंडातून शब्द नाही. मग एकदा बेअरिंगच्या छऱ्यांची डबी तिच्या हातून सांडली. सगळे म्हणाले जाऊ दे, पण ही पोटावर सरपटत टेबलांखाली फिरली आणि एकूण एक छर्रा शोधून आणला. तेव्हापासून तिचं नावच छर्रा पडलं. कपडे बघावेत तर वर्गातले सगळ्यांत कडक इस्त्रीचे. बाकी तिचं काही कळत नाही.

ताई

११ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि इतका हसलो की शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली. माझ्यासमोर या घडीला तेवीस केंद्रांचे फॉर्म पडले आहेत आणि सगळीकडच्या सगळ्या मुलांचा आत्मविश्वास 'खूप' वाढला आहे. त्यांचा मी वार्षिक अहवाल करणार. तो कुणी वाचणार नाही. आमच्या संचालकबाई परवा म्हणाल्याच की तुमचे अहवाल म्हणजे उकळून गार केलेलं पाणी.

तुला चिडायला जागा मिळाली, हे बघून मला खरंच बरं वाटलं. भाऊजी गेल्यापासून तू कशावरच चिडत नव्हतीस.

छर्राविषयी आणखी लिही. संस्थेसाठी नाही, माझ्यासाठी. पंधरा वर्षं मी या मुलांविषयी लिहितो आहे आणि त्यांतल्या एकाशीही पाच मिनिटांपेक्षा जास्त बोललेलो नाही. तू तिथे बसतेस, तुला दिसतं.

धाकटा

१८ मार्च

धाकट्या,

उत्तराला उशीर झाला, कारण हे लिहू की नको यात महिना गेला.

छर्रा आता चाकाचा आऊट, म्हणजे बाक, काढते. तुला दुकानात बसून कंटाळा यायचा म्हणून सांगते: चाक फिरवायचं, रिम ब्रेकला कुठे घासते ते बघायचं, त्या बाजूचा आरा पाव फेरा सैल, समोरचा पाव फेरा घट्ट, पुन्हा फिरवायचं. घाई केली की चाक आणखी वाकडं. मला शिकायला वर्ष लागलं होतं, ही पाच शनिवारांत शिकली. आणि गंमत म्हणजे आता ती मला शिकवते. परवा सर्वांत धाकट्या मुलाला टायर चढवता येईना, रडकुंडीला येऊन त्याने पाना भिंतीवर फेकला. मी उठले, म्हटलं आण इकडे, मी करते. हिने माझं मनगट धरलं. "मावशी, त्याला करू द्या." आणि स्वतः त्याच्याशेजारी हात मागे बांधून उभी राहिली, तो करेपर्यंत. वीस मिनिटं.

तिने चार सायकली केल्या, पण स्वतःची नेत नव्हती. मी विचारलं. म्हणाली, ठेवायला जागा नाही. मी म्हटलं, जिन्याखाली ठेव. त्यावर ती बराच वेळ चाकच फिरवत राहिली, आणि मग माझ्याकडे न बघता सांगितलं.

तिची आई लॉन्ड्रीत इस्त्री करते. राहतं घर सुटल्यापासून मायलेकी त्या लॉन्ड्रीच्या मागच्या कोठीत राहतात. अकरा महिने झाले. मालकाला माहीत नाही. तो सकाळी दहाला येतो, त्याच्या आत या दोघी अंथरूण गुंडाळून न नेलेल्या कपड्यांच्या टोपलीत तळाशी दडवतात. सायकल दिसली तर तो विचारणार. शाळेत अजून जुनाच पत्ता आहे. "पाणी मात्र कायम गरम असतं, मावशी," असं म्हणाली. आईने बजावलंय की एक शब्द बाहेर गेला तर दोघी रस्त्यावर. मला म्हणाली, कुणाला सांगणार नाही ना? मी म्हटलं, नाही.

आणि आता तुला लिहिते आहे. शब्द दिल्यावर चार दिवसांत लिहायला बसले होते, मग महिनाभर कागद तसाच ठेवला, पण मला ते एकटीला पेलवेना. तुला सांगणं म्हणजे माझं मलाच सांगणं, अशी मी माझी समजूत घालून घेतली आहे. केंद्रप्रमुखाला सांगावं असंही एकदा मनात आलं, पण तो त्याचा फॉर्म करेल. पत्र वाच आणि फाडून टाक.

ताई

२७ मार्च

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. काय लिहू कळत नाही. अशी मुलं आपल्या केंद्रात येतात हे कागदावर माहीत असणं वेगळं. तू तिच्यासाठी जे करते आहेस ते कुठल्याही अहवालात मावणारं नाही.

इथे वार्षिक समारंभाची धावपळ आहे, बैठकांवर बैठका. महिनाभर पत्र आलं नाही तर राग मानू नकोस. तुझा काम करतानाचा एखादा फोटो असला तर पाठव. दुकान विकल्यानंतरचा तुझा एकही फोटो माझ्याकडे नाही.

धाकटा

९ एप्रिल

धाकट्या,

फोटो सोबत आहे. वर्गातल्या एकाने काढला. माझे हात बघ, धुऊनही काळेच राहतात. मागे छर्रा आहे, पण पाठमोरी, ओळखू येत नाही, म्हणून पाठवते. तुझ्या टेबलावर ठेव आणि कामाला लाग.

ताई

१४ जून

धाकट्या,

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणजे काय, ते मला साठीत कळलं.

गेल्या सोमवारी बँकेसमोरच्या बसथांब्यावर उभी होते. समोर काचेत माझेच हात. माणसाएवढे मोठे. मागे छर्रा, पाठमोरी, कोपरावर ठिगळ लावलेलं जाकीट घातलेली. वर मोठ्या अक्षरांत: 'अकरा महिने ती लॉन्ड्रीच्या कोठीत झोपत होती. आज ती स्वतःच्या पायांवर उभी आहे. एक प्रौढ, एक शनिवार, एक बदललेलं आयुष्य.' खाली बारीक अक्षरांत की नाव बदललं आहे, आपण तिला पहाट म्हणू. आणि त्याखाली तुझ्या संस्थेची खूण. बस आली आणि गेली, मी तिथेच.

तू म्हणशील, चेहरा नाही, नाव नाही. अरे, ते ठिगळ तिच्या आईने लॉन्ड्रीतल्याच एका उरलेल्या पडद्याचं लावलंय. मालक रोज बघतो ते जाकीट. दुसऱ्या दिवशी तो दहाऐवजी सातला आला. अंथरूण सापडलं. आईला उभ्या उभ्या काढलं. मी लॉन्ड्रीत गेले होते. तो माणूस राक्षस असता तर मला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "अख्खं गाव माझ्या दुकानाविषयी वाचतंय आणि मीच शेवटी वाचतोय." मायलेकी कुठे गेल्या त्याला माहीत नाही. छर्रा या शनिवारी वर्गाला आली नाही. शाळेतही नाही.

मी तळघरातून तडक वर गेले आणि केंद्रप्रमुखाला मुलांसमोर नाही नाही ते बोलले. त्याची खोली तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी आहे, त्याने ऐकलं असणार किंवा छर्रालाच गोड बोलून विचारलं असणार. मी म्हटलं, तुमच्यासारखी माणसं मुलांच्या जखमा विकून खातात. तो फक्त एवढंच म्हणाला की पोस्टर त्यानेही रस्त्यातच पाहिलं. आणि म्हणे, आत्ता मला एका कामाला जायचं आहे. हसला नाही, हे एक नवल. मी विश्वास ठेवला नाही.

तू मुख्य कचेरीत बसतोस. हे कुणी लिहिलं, कुणी छापायला पाठवलं, त्याचं नाव मला शोधून दे. मी गाडी पकडून तिथे येईन आणि त्याच्या टेबलासमोर उभी राहीन. आणि ती पोस्टरं आजच्या आज उतरव.

ताई

२२ जून

ताई,

तुझा संताप समजतो. इथे चौकशी चालू आहे. पण अशा गोष्टी एका माणसाच्या नसतात, मजकूर अनेकांच्या हाताखालून जातो, त्यामुळे अमुक एक नाव सांगणं कठीण आहे. नियमाप्रमाणे चेहरा दाखवलेला नाही आणि नाव बदललेलं आहे. मालक ओळखेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

दुसरी बाजूही बघ. पोस्टर लागल्यापासून तीनशेहून जास्त लोकांनी स्वयंसेवक म्हणून नावं दिली आहेत. ती माणसं मुलांपर्यंत पोहोचतील. जे झालं ते वाईटच झालं, पण त्यातून बाकीच्या मुलांचं काही भलं होत असेल तर ते अगदीच वाया गेलं असं म्हणता येणार नाही. त्या दोघींचा पत्ता कळला तर पाठव, संस्था नक्की काहीतरी करेल. आणि केंद्रप्रमुखाला फार बोलू नकोस.

धाकटा

२९ जून

केंद्रप्रमुखाला बोलू नकोस, हे वाक्य तू का लिहिलंस ते मला आज कळलं.

छर्रा आणि तिची आई सापडल्या. केंद्रप्रमुखाच्या बहिणीच्या घरात, माडीवरच्या खोलीत. मी त्याच्यावर तोंड सोडलं त्या दिवशी तो ज्या कामाला निघाला होता ते हे काम. त्याने शोधलं, त्याने बहिणीला विचारलं, गादी स्वतः वर नेली. कुणाला सांगितलं नाही, त्याचा फॉर्म भरला नाही. आणि मी त्याला जखमा विकणारा म्हणाले. काल मी सगळ्या मुलांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर त्याची माफी मागितली, कारण अपमान त्यांच्यासमोर केला होता.

मग मी माडीवर गेले. आई इस्त्री करत होती, आता घरोघरचे कपडे आणते. छर्रा माझ्याकडे पाठ करून बसली. मी म्हटलं, हे कुणी केलं ते मी शोधून काढणार. तेव्हा आई हातातलं न थांबवता म्हणाली, "ज्यांनी लिहिलं त्यांनी नीट विचारून तरी लिहायचं. फेब्रुवारीतच आम्हाला अठरा महिने झाले होते तिथे. अकरा कुठून आलं?"

अठरा.

मला निम्मं ऐकू येतं, धाकट्या. छर्रा अठरा म्हणाली, मी अकरा ऐकलं. या जगात अकरा हा आकडा फक्त एका ठिकाणी लिहिलेला होता. माझ्या अक्षरात, तुला धाडलेल्या पत्रात.

मी तिथेच त्या दोघींना सांगितलं. मीच शब्द मोडला, मीच लिहिलं, माझ्या भावाला. छर्रा वळली आणि तिने माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, फोटोपण तुम्हीच दिलात? मी हो म्हटलं. ती पुन्हा पाठ करून बसली.

तू माझा फोटो मागितलास तेव्हा तुला माझी आठवण येत नव्हती. तुला चित्र हवं होतं. आणि आठ दिवसांपूर्वी तू मला लिहितोस की चौकशी चालू आहे. स्वतःचीच चौकशी करत होतास का आरशासमोर? तीनशे माणसांचं मला सांगू नकोस. त्यांतल्या एकालाही कळलं नसेल की ज्या मुलीसाठी ते नाव देताहेत तिच्या डोक्यावरचं छप्पर त्याच कागदाने उडवलं.

माझा राग निम्मा माझ्यावर आहे, पण म्हणून तुझ्या वाट्याचा कमी होत नाही. पोस्टर उतरव. मालकाला सहीनिशी लिहून दे की यात त्या दोघींचा दोष नाही. आणि इथे येऊन त्यांच्यासमोर उभा राहा. तोवर मला पत्र लिहू नकोस.

६ जुलै

ताई,

तू लिहू नकोस म्हणालीस, पण येण्याआधी हे लिहून पाठवणं भाग आहे, कारण समोर आलो की मी पुन्हा गोड बोलेन. मला ती सवय आहे, तुला माहीत आहे.

तुझं पत्र मी फाडलं नाही. बॅगेत होतं. २६ मार्चला बैठक होती. संचालकबाईंनी विचारलं, एवढी केंद्रं चालवतो, कुणाकडे एक खरी गोष्ट आहे का? सगळे खाली बघत होते. मी पत्र काढलं आणि तुझी ओळख न सांगता वाचून दाखवलं. खोलीत कुणी हललं नाही. एकजण डोळे पुसत होती. ताई, पंधरा वर्षांत माझ्या तोंडून निघालेलं काही ऐकून कुणी गप्प झालं, ते त्या दिवशी पहिल्यांदा. मला ते इतकं आवडलं की ते माझं नाही, हे मी विसरलो. मजकूर मीच लिहिला. पहाट हे नावही माझंच. फोटोसाठी तुला खोटं लिहिलं तेही मीच. तू कोण विचारत होतीस, त्याचं हे उत्तर.

तुझं पत्र आल्यावर मी बाईंना सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या की पोस्टर महिनाअखेरपर्यंत राहणार, तसा करार आहे. आणि मुलीला आपण मदत जाहीर करू, तिने समारंभात व्यासपीठावर येऊन दोन शब्द बोलावेत. गोष्ट आणखी चांगली होईल, असं म्हणाल्या. तेव्हा मी तुझ्यासारखा बोललो. बाहेर बसलेल्यांनीही ऐकलं. दुसऱ्या दिवशी माझ्याकडून लिहिण्याचं काम काढून घेतलं. आता मी खुर्च्या आणि कागद कुठल्या केंद्राला किती पाठवायचे ते बघतो.

काल रजा टाकून तुझ्या गावी आलो होतो. तुला भेटलो नाही. बादली आणि खरवडायची पट्टी घेऊन बँकेच्या थांब्यापासून लॉन्ड्रीपर्यंतची पोस्टरं काढली. सातव्या पोस्टरपाशी थांब्यांचा मुकादम आला, त्याने पट्टी काढून घेतली. मालकाला पत्र दिलं आहे, सही करून. त्याने ते माझ्यासमोर वाचलं आणि खिशात ठेवलं.

शनिवारी येतो.

धाकटा

१९ जुलै

धाकट्या,

तू येऊन गेलास त्याचं लिहायचं राहिलं होतं.

आईने तुला जे ऐकवलं ते बरोबर होतं. "तुम्ही लिहिता चांगलं. बसा म्हणणार नाही." तू उभा राहिलास आणि निघालास, काही समजावत बसला नाहीस, तेवढं बरं केलंस. छर्रा दाराआड होती. तुला वाटलं ती घरात नाही, पण होती.

लॉन्ड्रीचा मालक परवा आईकडे आला होता. कामावर परत ये, म्हणाला. ती नाही म्हणाली. तिचे तिचे सतरा घरांचे कपडे झाले आहेत.

छर्रा वर्गाला आली, तीही एकटी नाही. सगळ्या मुलांनी आधी कुठेतरी बसून ठरवलं होतं. त्यांनी केंद्रप्रमुखासमोर कागद ठेवला: आमच्याविषयी एक ओळ किंवा एक फोटो बाहेर जाणार असेल तर तो आधी ज्याचा आहे त्याने वाचायचा. आणि यापुढे कुठल्या मोठ्या माणसाला इथे येऊ द्यायचं ते आम्ही त्याला प्रश्न विचारून ठरवणार. मला वाटलं हा गुळगुळीत माणूस आता म्हणेल, वरून विचारून सांगतो. त्याने तिथल्या तिथे सही केली. वरून काय येईल ते मी बघतो, म्हणाला.

पहिली उलटतपासणी माझीच झाली. बारा जण समोर, मी स्टुलावर. छर्राने एकच विचारलं, मला नाही म्हणाला होतात, मग का सांगितलंत? मी खरं ते सांगितलं, की पेलवेना. ती म्हणाली, "मला तर रोज पेलावं लागत होतं." निकाल असा लागला की मी यायचं, पण तीन शनिवार कुणाला काही शिकवायचं नाही, कोपऱ्यात बसून पंक्चरं काढायची. काढते आहे.

तूही स्वयंसेवक म्हणून अर्ज केला आहेस असं ऐकते. मी मधे पडणार नाही. उत्तर ते देतील.

ताई

२ सप्टेंबर

महोदय,

आमच्या केंद्रात दर शनिवारी मुलांना लिहायला शिकवण्याविषयीचा आपला अर्ज मिळाला. आम्हा बारा मुलांच्या समितीने तो वाचला. आम्ही तो नाकारत आहोत.

इतकंच लिहायचं ठरलं होतं, पण कारण सांगितलं पाहिजे असं मला वाटलं आणि बाकीच्यांनी हो म्हटलं.

तुमच्या पोस्टरवर चुका आहेत. अकरा महिने नाही, अठरा, ते तुम्हाला कळलं असेल. पण तुम्ही लिहिलंत की मी कोठीत झोपत होते. मी तिथे अभ्यासही करत होते, दोन इयत्ता पास झाले, आईला हिशेब लिहून देत होते आणि मालकाच्या मुलीच्या शाळेच्या गणवेशाची बटणं लावत होते. तुम्ही फक्त झोपणं घेतलंत, कारण ते वाईट दिसतं. आज ती स्वतःच्या पायांवर उभी आहे, असं लिहिलंत. आधी मी कुणाच्या पायांवर उभी होते? माझी आई त्या इस्त्रीपाशी रोज दहा तास उभी राहायची. तिला तुम्ही पोस्टरवर घेतलंच नाहीत.

एक प्रौढ, एक शनिवार, असंही लिहिलंत. ते सगळ्यांत चुकीचं आहे. एका शनिवारवाले आमच्याकडे खूप येऊन गेले. मावशी दर शनिवारी येतात. त्यांनी माझा विश्वास मोडला, त्यानंतरच्या शनिवारीही आल्या, आम्ही त्यांना कोपऱ्यात बसवलं तरी आल्या. माझं आयुष्य त्यांनी बदललं की नाही ते मला माहीत नाही. मला चाक सरळ करता येतं आणि वर्गातल्या धाकट्याला पाना फेकून न देता काम करता येतं, एवढं मला माहीत आहे. केंद्रप्रमुख सरांनी आम्हाला खोली दिली. तेही पोस्टरवर नाही, आणि ते नको आहे.

तुम्ही आईसमोर उभे राहिलात ते मी पाहिलं. पोस्टरं काढलीत तेही ऐकलं. काहीजण म्हणाले, या माणसाला येऊ द्या, त्याने चूक कबूल केली. चार मतं तुमच्या बाजूने पडली, सात विरुद्ध. ज्यांनी विरुद्ध दिलं त्यांचं म्हणणं असं की तुम्ही इथे आलात की दर वेळी काहीतरी ऐकू येईल, आणि ते घरी नेऊन तुम्ही काय करता हे आम्हाला दिसणार नाही. आधी एक वर्ष खुर्च्या पाठवा. आमच्याकडे तीन मोडक्या आहेत.

मी मत दिलं नाही. ज्याचं प्रकरण असेल त्याने मत द्यायचं नाही असा आमचा नियम आहे. पण उत्तराचं पत्र मीच लिहिणार असं मी सांगितलं. आत्तापर्यंत माझ्याविषयी तुम्ही लिहिलंत.

पहाट नावाची मुलगी आमच्या वर्गात नाही. खाली माझं खरं नाव आहे. ते फक्त तुम्हाला सांगते आहे.